दोन खुणा आणि एक रेघ

मंडळी, पावसाळ्यातील एक संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. तरणा पाऊस सरला आहे, म्हातारा लागला आहे. चार दिवस सूर्याचे दर्शन नाही. गोठ्यात जनावरे अंग चोरून उभी आहेत, चुलीजवळ ओली लाकडे वाळत ठेवली आहेत, आणि घरातली सगळी माणसे रेडिओभोवती गोळा झाली आहेत. बातमी येते, ''राधानगरी धरणाचे चार स्वयंचलित दरवाजे उघडले असून धरणातून 7212 क्युसेक पाणी सोडण्यात येत आहे.'' पाठोपाठ कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी सांगितली जाते. आजोबा विचारतात, ''किती म्हणाला रं?'' नातू सांगतो. आजोबा थोडा वेळ गप्प राहतात आणि म्हणतात, ''आज रात्रीत येत नाही. उद्या दुपारी बघू.''

आता आजोबांनी हे कशावरून सांगितले? त्यांना काल संध्याकाळची पातळी ठाऊक होती आणि आजची आत्ताच कळली. दोन आकड्यांवरून त्यांनी मनातल्या मनात एक रेघ ओढली आणि ती उद्यापर्यंत लांबवली. नातू नववी-दहावीत असेल तर त्याच्या दप्तरात हीच गोष्ट निराळ्या नावाने पडून आहे. त्याच्या पुस्तकात तिला रेषेचे समीकरण म्हणतात. तिथे ती अक्षरांत लिहिलेली असते, इथे ती दारात येणाऱ्या पाण्याशी जोडलेली असते. आज आपण या रेघेचा इतिहास पाहू. ती कोणी कोणी ओढली, आपल्या देशात तिचे मूळ कोठे सापडते, आणि तिच्यावर किती विश्वास टाकावा, हे पाहू. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण कधी कधी त्यावर घरदार अवलंबून असते.

आधी राधानगरीपासूनच सुरुवात करू. भोगावती नदीवरचे हे धरण. राजर्षी शाहू महाराजांनी ज्या कामाचा पाया घातला, ते हे काम. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आले की ते आपोआप उघडतात. दरवाजे बंद असले तरी वीजगृहातून थोडे पाणी नदीत येतच असते. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी पेटी भरेल एवढे पाणी दर सेकंदाला वाहून जाते, असे समजा.

समजा, सकाळी बातमी आली की दोन दरवाजे उघडले आणि एकूण पाणी 4356 क्युसेक. संध्याकाळी कळले की चार दरवाजे उघडले आणि एकूण 7212 क्युसेक. बातमीत एवढेच आहे. एका दरवाजातून किती पाणी येते हे कोणी सांगितलेले नाही, आणि वीजगृहाचे किती तेही नाही. तरी दोन्ही गोष्टी काढता येतात. दरवाजे दोनाने वाढले. पाणी 7212 वजा 4356, म्हणजे 2856 ने वाढले. तेव्हा एका दरवाजामागे 1428 क्युसेक. आता दोन दरवाजांचे 2856 झाले. सकाळी एकूण पाणी 4356 होते. राहिले 1500. हे 1500 दरवाजांचे नव्हेत. ते वीजगृहाचे.

झाले समीकरण! एकूण पाणी बरोबर 1428 गुणिले दरवाजे, अधिक 1500. दरवाजांना क्ष म्हणा, पाण्याला य म्हणा. य = 1428 × क्ष + 1500. जुन्या मराठी पुस्तकांच्या धाटणीने लिहायचे तर य = म × क्ष + क. आजची मुले ''वाय इज इक्वल टू एमएक्स प्लस सी'' असे घोकतात, ते हेच. यातला म म्हणजे एक पायरी पुढे गेल्यावर किती वाढले ते. पाठ्यपुस्तकात त्याला रेषेचा चढ म्हणतात आणि शब्द फार चांगला आहे, कारण घाटाचा चढ आणि हा चढ एकच. आणि क म्हणजे काहीच सुरू केलेले नसताना जे मुळात होते ते. दरवाजामागचा 1428 हा आकडा अलीकडच्या वर्षांच्या बातम्यांत येतो तोच आहे. वीजगृहाचा आकडा कमीजास्त होतो, आपण हिशेबापुरता 1500 धरला.

ही रीत नीट ध्यानात धरा. दोन खुणा घ्यायच्या. एका खुणेपासून दुसरीपर्यंत उभे किती चढलो आणि आडवे किती चाललो ते पाहायचे. चढण्याला चालण्याने भागले की चढ मिळतो. मग कोणत्याही एका खुणेपासून मागे शून्यापर्यंत यायचे, म्हणजे मुळातला आकडा मिळतो. रेषेचे समीकरण काढणे याहून काही निराळे नाही. सूत्र विसरले तरी ही वाट विसरू नये.

आता इतिहासाकडे वळू. तुम्ही म्हणाल, यात नवीन ते काय, हे तर आपले त्रैराशिक! पाच मण गुळाला इतके रुपये, तर आठ मणांना किती? बरोबर आहे, त्रैराशिक हेच या रेघेचे आपल्याकडचे मूळ. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेल्या गावी राहणारे भास्कराचार्य शके 1036 मध्ये, म्हणजे इसवी सन 1114 मध्ये जन्मले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ पुरा केला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग मानले जातात. त्या वेळी आपल्या कोल्हापूर प्रांतावर शिलाहारांचे राज्य होते. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी त्रैराशिकाचे माहात्म्य सांगताना ईश्वराची उपमा दिली आहे. हरी जसा सर्व विश्व व्यापून राहिला आहे, तसे त्रैराशिक सगळे गणित व्यापून राहिले आहे, असा त्याचा आशय. त्रैराशिकातल्या तीन राशींना प्रमाण, फल आणि इच्छा अशी नावे आहेत. फलाला इच्छेने गुणावे आणि प्रमाणाने भागावे. 'इच्छा' हे नाव किती गोड आहे पाहा! ज्याचे उत्तर हवे, ती इच्छा.

परंतु नुसते त्रैराशिक राधानगरीला लावून पाहा. दोन दरवाजांना 4356, तर चार दरवाजांना दुप्पट, म्हणजे 8712. प्रत्यक्षात मात्र 7212. दीड हजारांची चूक झाली. का झाली? वीजगृहाचे पाणीसुद्धा आपण दुप्पट करून टाकले. साखर कारखान्याच्या काट्यावर जाणाऱ्या माणसाला हे लगेच पटेल. भरलेली गाडी काट्यावर चढते तेव्हा उसाबरोबर गाडीचेही वजन होते. ऊस दुप्पट भरला म्हणून गाडी काही दुप्पट होत नाही. म्हणून भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करतात. त्रैराशिकाची रेघ नेहमी शून्यातून निघते. आपल्या जगात मात्र पुष्कळ गोष्टी शून्यातून निघत नाहीत, त्यांना आधीचे काहीतरी चिकटलेले असते.

हे आधीचे चिकटलेले वेगळे कसे मांडावे, तेही भास्कराचार्यांनी दाखवले आहे. त्यांच्या 'बीजगणिता'त घोड्यांचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. एका माणसाजवळ तीनशे रुपये आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ दहा घोडे आहेत, पण डोक्यावर शंभर रुपयांचे कर्ज आहे. सगळ्या घोड्यांची किंमत सारखी, आणि दोघांची मालमत्ताही सारखीच भरते. तर एका घोड्याची किंमत काय?

घोड्याची किंमत माहीत नाही. माहीत नसलेल्या राशीला आपले जुने गणिती 'यावत्तावत्' म्हणत, म्हणजे जेवढी असेल तेवढी, आणि थोडक्यात 'या' लिहीत. माहीत असलेल्या सुट्या आकड्याला 'रूप' म्हणत आणि 'रू' लिहीत. मग पहिल्याची मालमत्ता 'या' सहा, 'रू' तीनशे. दुसऱ्याची 'या' दहा, 'रू' ऋण शंभर. ऋण दाखवायला आकड्याच्या डोक्यावर टिंब देत. आता रूपांतले अंतर काढा. तीनशे जमा आणि शंभर कर्ज, यांत अंतर चारशेचे. घोड्यांतले अंतर चार. चारशेला चाराने भागा, घोड्याची किंमत शंभर. ताळा पाहू. सहा घोड्यांचे सहाशे, अधिक तीनशे, नऊशे झाले. दहा घोड्यांचे हजार, वजा शंभर, तेही नऊशे. बरोबर जुळले.

गुरुजी, येथे क्षणभर थांबा. 'या' सहा, 'रू' तीनशे म्हणजे आपल्या भाषेत य = 6 × क्ष + 300. 'या' दहा, 'रू' ऋण शंभर म्हणजे य = 10 × क्ष − 100. 'या'पुढचा आकडा हा चढ आणि 'रू'पुढचा आकडा हा मुळातला. रेषेच्या समीकरणाचे दोन्ही अवयव 1150 सालच्या ग्रंथात वेगवेगळे मांडलेले आहेत. आणि मुळातला आकडा शून्याच्या खाली, म्हणजे कर्जातही असू शकतो, हे आपल्याकडे त्याहूनही जुने आहे. ब्रह्मगुप्ताने 628 साली 'ब्रह्मस्फुटसिद्धान्ता'त धन आणि ऋण यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांचे नियम सांगून ठेवले होते. जमा आणि कर्ज यांचा हिशेब करणाऱ्या माणसाला उणे आकड्याची भीती वाटत नाही. तो आकडा त्याच्या वहीत रोज असतो.

मग रेषेचे समीकरण भास्कराचार्यांनीच शोधले, असे म्हणावे काय? अभिमानाने तसे म्हणावेसे वाटते, पण इतिहास सांगताना जेवढे आहे तेवढेच सांगावे. भास्कराचार्यांच्या ग्रंथात समीकरण आहे आणि भूमितीही आहे. वेळू, स्तंभ, त्यांच्या सावल्या, मोर आणि साप यांची सुंदर उदाहरणे त्यांनी घातली आहेत. परंतु घोड्यांचे समीकरण म्हणजे कागदावरची एक रेघ, आणि दोघांची मालमत्ता सारखी होणे म्हणजे दोन रेघांनी एकमेकींना छेदणे, हे चित्र त्यांनी काढलेले नाही. बीजगणिताची वाट आणि भूमितीची वाट शेजारून चालल्या होत्या. त्यांची गाठ दुसरीकडे पडली.

ती पडली फ्रेंच गणित्यांच्या हातून, सतराव्या शतकात. दोघांनी एकमेकांवर न विसंबता, जवळजवळ एकाच काळी तीच गोष्ट केली. एक रने देकार्त. त्याचे भूमितीवरचे लिखाण 1637 मध्ये हॉलंडातील लायडन येथे छापले गेले. दुसरा प्येर द फेर्मा. हा पेशाने कायद्याचा माणूस, तुलूझच्या न्यायसभेत काम करणारा. गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद. त्याने लिहिलेला निबंध त्याच सुमारास हस्तलिखित रूपाने गणितज्ञांच्या हाती फिरत होता, पण छापला गेला 1679 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. फेर्माचे म्हणणे थोडक्यात असे. समीकरणात दोन अज्ञात राशी असतील तर एक राशी आडवी मांडावी, दुसरी तिच्यावर उभी करावी. आडवी बदलत गेली की उभीचे टोक सरकत जाते आणि एक रेषा आखत जाते. समीकरणात वर्ग-घन काही नसेल, दोन्ही राशी साध्या असतील, तर ती रेषा सरळच असते. या एका वाक्याने समीकरणाला डोळ्यांनी पाहता येऊ लागले. मात्र या दोघांच्या चित्रांत ऋण आकड्यांना मानाची जागा नव्हती. ती पुढच्या गणित्यांनी हळूहळू दिली आणि मग आज फळ्यावर दिसतो तो चार कोपऱ्यांचा आलेख तयार झाला.

आता भास्कराचार्यांचे घोडे फेर्माच्या कागदावर आणा. आलेख कागद नसला तर अंगणात रांगोळीने करा. आडव्या रेषेवर घोड्याची किंमत, उभ्या रेषेवर माणसाची मालमत्ता. घोड्याला किंमतच नाही असे धरले तर पहिला तीनशेवर उभा आहे आणि दुसरा शून्याच्या खाली शंभरावर. घोडा पन्नासाचा झाला की पहिला सहाशेवर येतो, दुसरा चारशेवर. दुसऱ्याची रेघ अधिक उभी आहे, कारण त्याचे घोडे जास्त. म्हणून तो मागून येऊन पहिल्याला गाठतो. गाठतो कोठे? शंभर आणि नऊशे जेथे भेटतात तेथे. शंभराच्या पुढे कर्जदारच अधिक श्रीमंत ठरतो! आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचे उदाहरण असे डोळ्यांपुढे उभे राहिले की मुले ते विसरत नाहीत.

येथवर रेघ कशी ओढावी ते पाहिले. आता तिच्यावर विश्वास किती ठेवावा, ते पाहू. आणि त्यासाठी भास्कराचार्यांच्याही मागे, आर्यभटापर्यंत जाऊ. आर्यभटाने 499 च्या सुमारास ज्यांचे, म्हणजे वर्तुळातल्या अर्ध्या जीवांचे कोष्टक दिले. ग्रहांची जागा काढायला ते लागते. कोन 225 कलांनी वाढवत त्याने चोवीस आकडे सांगितले. साठ कलांचा एक अंश होतो. पहिल्या 225 कलांना ज्या 225, पुढच्या 450 कलांना 449, असे करत शेवटी 3438. आता ज्योतिषाला 300 कलांची ज्या हवी असेल तर? कोष्टकात 225 आहे आणि 450 आहे, 300 नाही. तेव्हा तो दोन खुणांमध्ये सरळ रेघ ओढतो. 225 कलांत ज्या 224 ने वाढते, तर 75 कलांत कितीने? त्रैराशिकाने सुमारे 74.67. ती 225 मध्ये मिळवा, 299.67. आजच्या यंत्राने काढलेले उत्तर 299.64 येते. इतके जवळ! दोन खुणांवरून रेघ काढून मधला आकडा वाचायची ही रीत पंचांगकर्त्यांच्या हाताखाली शतकानुशतके चालत आली.

पण त्याच कोष्टकात एक सूचनाही दडलेली आहे. पहिल्या घरात ज्या 225 ने वाढते, दुसऱ्यात 224 ने, आणि शेवटच्या घरात केवळ 7 ने. चढ कायम नाही, तो उतरत चालला आहे. मुळात ही रेषा सरळ नाहीच, ती वाकडी आहे. आपण तिचे लहान तुकडे सरळ मानून काम भागवतो. पहिल्या दोन खुणांची रेघ तशीच शेवटपर्यंत लांबवली तर उत्तर पाच हजारांच्या वर जाईल, आणि खरे आहे 3438. हे ब्रह्मगुप्ताच्या पुरते ध्यानात आले होते. 665 मधल्या 'खण्डखाद्यक' ग्रंथात त्याने नुसत्या त्रैराशिकावर न थांबता, मागच्या घराची वाढ आणि पुढच्या घराची वाढ दोन्ही पाहून आकडा दुरुस्त करायची रीत सांगितली आहे. साध्या शब्दांत सांगायचे तर, किती वाढले एवढेच पाहू नका, वाढ स्वतः वाढते आहे की घटते आहे तेही पाहा.

ही सूचना घेऊन आपण पुन्हा पंचगंगेच्या काठी येऊ. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आहे आणि धोका पातळी 43 फूट. हे दोन आकडे आपल्या भागातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. समजा, सकाळी सहा वाजता पाणी 36 फुटांवर होते आणि दहा वाजता 37 फुटांवर. चार तासांत एक फूट, म्हणजे तासाला पाव फूट, तीन इंच. सकाळी सहापासूनचे तास म्हणजे क्ष धरले तर य = 36 + क्ष ÷ 4. या रेघेवर 39 फूट बारा तासांनी येतात, संध्याकाळी सहाला. 43 फूट अठ्ठावीस तासांनी, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. घरधनी म्हणतो, ''रात्रभर निवांत झोपू, सकाळी उठून जनावरे हलवू.''

पण समजा, संध्याकाळी घाटमाथ्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. पंचगंगा ही एका नदीची नदी नव्हे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी प्रयाग चिखलीपर्यंत एकत्र येते आणि गुप्त सरस्वती धरून तिचे पंचगंगा हे नाव होते. त्यांतल्या दोन-तीन एकदम फुगल्या आणि धरणाचे आणखी दरवाजे उघडले की चढ बदलतो. संध्याकाळी सहानंतर पाणी तासाला तीनऐवजी सहा इंच चढू लागले, तर उरलेले चार फूट आठ तासांतच भरतात. धोका पातळी सकाळी दहाला नाही, रात्री दोनला येते. माणसे झोपेत असताना येते. सकाळची रेघ खोटी नव्हती. सकाळी सहा ते दहापर्यंत ती खरीच होती. ती पुढच्या रात्रीलाही लागू आहे, हे मात्र आपण मनानेच ठरवले होते.

याच्या उलटही होते. पाणी पात्राबाहेर पडून शिवारात पसरू लागले की तेवढ्याच पाण्याने पातळी कमी चढते. आणि खाली नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, पाऊस थांबला तरी पूर ओसरायला दिवस लागतात. नदीची रेघ अशी ठिकठिकाणी मोडते.

दरवाजांच्या समीकरणालाही मर्यादा आहे. क्षच्या जागी आठ घाला, उत्तर 12,924 येईल. गणित चुकले नाही, पण राधानगरीला आठवा दरवाजाच नाही! समीकरण आकडा देते, तो आकडा जगात आहे की नाही, हे आपण पाहायचे असते.

आणखी एक रेघ आहे आणि ती सर्वांत फसवी. 2005 च्या महापुरात पाणी जेथपर्यंत आले, तेथे पुष्कळ घरांच्या भिंतींवर खूण राहिली. अशी आडवी खूण म्हणजेसुद्धा एक समीकरणच आहे. त्यात चढ शून्य आणि उरतो तो एकच आकडा. य = क. जो माणूस म्हणतो की, ''पाणी या खुणेच्या वर कधी गेले नाही, म्हणून जाणारही नाही,'' तो आपले घर या समीकरणावर सोपवतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेले. 2005 ची खूण बुडाली. शिरोलीजवळ पुणे–बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक ठप्प झाली. चिखली-आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत गावेच्या गावे होड्यांतून बाहेर काढावी लागली. पुढे 2021 च्या जुलैत पुन्हा महापूर आला. भिंतीवरची खूण, पाणी येथवर आले होते, एवढेच सांगते. येथेच थांबेल, असे ती सांगत नाही. तो अर्थ आपण तिला चिकटवतो.

तर मग रेघ ओढूच नये काय? तसे मुळीच नाही. रेघ न ओढणारा माणूस अंदाजाशिवाय बसतो आणि ते त्याहून वाईट. रेघ ओढावी, पण दर दोन-तीन तासांनी नवी खूण घेऊन पुन्हा ओढावी. नवी रेघ जुनीपेक्षा अधिक उभी निघाली तर वाट पाहत बसू नये, सामान आणि जनावरे हलवायला लागावे. ब्रह्मगुप्ताने ज्योतिषांना दिलेला धडा पूरग्रस्त गावालाही तितकाच लागू आहे. आणि अधिकाऱ्यांनी घर सोडायला सांगितले तर आपली रेघ बाजूला ठेवून त्यांचे ऐकावे, कारण वरच्या धरणांच्या आणि पावसाच्या खुणा त्यांच्यापाशी अधिक असतात.

शिक्षक बंधू-भगिनींना शेवटी एक विनंती. रेषेचे समीकरण शिकवताना सुरुवात सूत्राने करू नका. जुलै महिन्यात वर्गाच्या भिंतीवर एक मोठा कागद लावा. आडवे दिवस आणि वेळ, उभे बंधाऱ्यावरचे फूट. मुलांना रोज रेडिओवरून वा वर्तमानपत्रातून पातळी आणायला सांगा आणि एकेकाला टिंब द्यायला लावा. 39 वर एक आडवी रेघ, 43 वर दुसरी. दोन टिंबे पडली की मुलांनाच विचारा, चढ किती? उद्या या वेळी पाणी कोठे असेल? उत्तर कागदाच्या कडेला लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ताळा पाहा. जुळले तर का जुळले, चुकले तर का चुकले, याची चर्चा होऊ द्या. चुकलेल्या उत्तराला कमी गुण देऊ नका, त्या दिवशी मुले नदीविषयी अधिक शिकतात. ज्या गावाला नदी नाही तेथे विहिरीची पातळी घ्या, दूध संस्थेत घातलेले दूध घ्या, काट्यावरची उसाची गाडी घ्या.

हे काम आपल्या परंपरेतलेच आहे. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने 1207 मध्ये आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ स्थापन केला आणि स्थानिक राजांनी त्याला दान दिले, असे त्यावर कोरले आहे. त्यानंतर सातशे दहा वर्षांनी, 1917 मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पाटणच्या मठात थोडे विद्यार्थी बसत असतील. शाहू महाराजांच्या हुकुमाने वाडी-वस्तीवरच्या, जातीपातीच्या भिंतीबाहेर राहिलेल्या पोरांनाही पाटी मिळाली. त्या पाटीवरचे गणित परीक्षेपुरते राहू नये.

पुढच्या पावसाळ्यात रेडिओवर पातळी सांगतील तेव्हा घरातल्या नातवाला आजोबांशेजारी बसवा. आजोबांना नदी ठाऊक आहे, नातवाला समीकरण. एका कागदावर दोघांनी मिळून दोन खुणा करू द्या आणि रेघ ओढू द्या. आणि झोपण्यापूर्वी तिसरी खूण घ्यायला विसरू नका.